शरीर गप्प असतं तेव्हा

व्यसनमुक्ती केंद्रात काम करणाऱ्याला पेशंट दारातून आत येतानाच ओळखू येतो. दारूचा पेशंट असेल तर त्याच्या आधी त्याचे हात बोलतात. चहाचा कप बशीत खडखडत राहतो. गर्दचा पेशंट असेल तर नाक-डोळे गळत असतात, अंगावर काटा, पोटात पिळे, पाय एका जागी ठरत नाहीत. त्याच्या भाषेत त्याला ‘टर्की लागलेली’ असते. अशा वेळी काय करायचं, ते वॉर्डातल्या मावशींनाही पाठ असतं. कोकेनचा पेशंट मात्र इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतः गाडी चालवत येतो. खुर्चीत बसतो, मोबाइल टेबलावर पालथा ठेवतो, विचारलेल्या प्रश्नांची नेटकी उत्तरं देतो. दाखल झाला की दोन दिवस मेल्यासारखा झोपतो. तिसऱ्या दिवशी पोटभर जेवतो. आणि चौथ्या दिवशी सकाळी ऑफिसात येऊन म्हणतो, “मला आता काही होत नाहीये. मी जाऊ का?”

तपासून पाहावं तर नाडी जागेवर, रक्तदाब जागेवर. भेटायला आलेली आई म्हणते, “चेहऱ्यावर तेज आलंय हो याच्या!” केंद्रालाही खाट हवी असते. तो कागदावर सही करून जातो. दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या शुक्रवारी पगार जमा होतो, जुन्या मित्राचा मेसेज येतो, आणि व्हायचं ते होतं. मग आपण सगळे एकमेकांची समजूत घालतो, की त्यालाच सुटायचं नव्हतं.

ही पुस्तिका त्या चौथ्या दिवसासाठी लिहिली आहे. महाराष्ट्रातल्या व्यसनमुक्तीच्या कामाची घडण दारू आणि गर्द या दोन व्यसनांशी झुंजताना झाली. दोन्हींत शरीर आरडाओरडा करतं, आणि तो शमवणं ही उपचाराची पहिली पायरी असते. कोकेन सोडताना शरीर जवळजवळ गप्प असतं. आरडाओरड ऐकूनच जागी होणारी व्यवस्था या गप्प माणसाला काय देणार, एवढाच प्रश्न पुढच्या सगळ्या प्रकरणांतून वेगवेगळ्या बाजूंनी विचारला आहे. समुपदेशक, गल्लीतले फॅमिली डॉक्टर आणि ज्यांच्या घरात हे घडतं आहे अशी माणसं हे या पुस्तिकेचे वाचक. एक खुलासा आधीच करतो. वर आलेला इस्त्रीच्या शर्टातला माणूस कुणी एक नाही. अनेकांच्या गोष्टी एकत्र करून तो उभा केला आहे.

पहिलं प्रकरण इतिहासाचं आहे. कोकेन म्हटलं की आपल्याला सिनेमातली पार्टी, काचेचं टेबल आणि गुंडाळलेली नोट आठवते, आणि लगेच वाटतं की हे आपल्यातलं नव्हे. पण शंभर वर्षांपूर्वी हाच पदार्थ मुंबईत पानातून खाल्ला जात होता. कोलकाता, दिल्ली, बनारस, लखनौ इथेही तसाच. चुना, कात आणि वर चिमूटभर पांढरी भुकटी. श्रीमंतांच्या दिवाणखान्यापुरती ही गोष्ट नव्हती. बाजारातली, बंदरावरची साधी माणसंही ते पान खात. त्या पानातला चुना नुसता चवीचा नव्हता. चुन्यामुळे कोकेन तोंडाच्या अस्तरातून लवकर शोषलं जातं. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातली माणसं कोकाची पानं चघळताना शतकानुशतकं चुना किंवा राख लावत आली आहेत. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या पेरूच्या शेतकऱ्याला आणि मुंबईच्या पानवाल्याला रसायनशास्त्राचा हा एकच धडा सापडला होता.

भुकटी आधी जर्मनीतल्या कारखान्यांतून आणि पुढे मोठ्या प्रमाणावर जपानमधून येई. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच मुंबई आणि बंगालच्या सरकारांनी तिच्या विक्रीवर बंधनं घातली. चोरटा व्यापार मात्र चालूच राहिला. रामनाथ चोप्रा या नामवंत औषधशास्त्रज्ञांनी १९३१ साली भारतातल्या कोकेनच्या सवयीवर शोधनिबंध लिहिला, त्याच्या आदल्याच वर्षी ‘डेंजरस ड्रग्ज ॲक्ट’ आला होता. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जपानी माल बंद झाला आणि पानातलं कोकेन विरून गेलं. इतकं विरलं, की आपल्या आजोबा-पणजोबांच्या शहरात ते होतं हेही आपण विसरलो. या गोष्टीतून घ्यायचा बोध असा : तेव्हाचं व्यसन माल आटल्यामुळे गेलं. उपचार असा कुणी केलाच नव्हता, त्यामुळे वारशाने आपल्याला काही मिळालेलं नाही.

युरोपातली सुरुवात तर उलटीच होती. १८६० साली जर्मनीतल्या गटिंगेन इथे आल्बर्ट नीमान यांनी कोकाच्या पानातलं द्रव्य वेगळं करून त्याला नाव दिलं. १८८४ साली व्हिएन्नातल्या तरुण सिग्मंड फ्रॉइड यांनी कोकेनची भलामण करणारा निबंध लिहिला आणि मॉर्फिनच्या विळख्यात सापडलेल्या आपल्या मित्राला, अर्न्स्ट फॉन फ्लाइश्ल-मार्क्सोव याला, मॉर्फिन सुटावं म्हणून कोकेन दिलं. मॉर्फिन सुटलं नाही, वर कोकेन लागलं. १८९१ साली तो गेला. त्याच १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करून दाखवला आणि शस्त्रक्रियेत क्रांती झाली. एकाच वर्षी, एकाच शहरात, एकाच भुकटीतून वरदान आणि शाप दोन्ही निघाले.

आता आजचं चित्र. यावेळी माल आटण्याची वाट पाहता येणार नाही, हे आकडेच सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ साली जगात ३,७०८ टन कोकेन तयार झालं. आदल्या वर्षापेक्षा सुमारे एक तृतीयांशानं जास्त. एकट्या कोलंबियात २ लाख ५३ हजार हेक्टरांवर कोकाची झुडपं होती, म्हणजे बृहन्मुंबईच्या चौपट जागा. वर्षभरात एकदा तरी कोकेन घेणारे २०१३ मध्ये १.७ कोटी होते, ते दहा वर्षांत २.५ कोटी झाले. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या बंदरात २०२३ साली ११६ टन माल पकडला गेला. तरी युरोपातल्या गिऱ्हाइकाला त्याची तोशीस लागली नाही. तिथल्या कित्येक शहरांत आता सांडपाणी तपासून कोकेनचा वापर मोजतात. शनिवार-रविवारी गटारातला आकडा वर सरकतो. आयर्लंडमध्ये, दारू वगळली तर, अलीकडे उपचारांसाठी येणाऱ्यांत सर्वाधिक माणसं कोकेनची असतात. गवंडीकाम करणारे, हॉटेलात राबणारे, दुकानं चालवणारे. काचेचं टेबल केव्हाच मागे पडलं.

भारतात काय? केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’नं केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत कोकेन घेणाऱ्यांचं प्रमाण ०.१० टक्के निघालं. अफू, गर्द-हेरॉइन आणि अफूवर्गीय औषधं यांचं मिळून ते २.०६ टक्के आहे आणि दारूचं १४.६ टक्के. टक्केवारी वाचून हायसं वाटतं. पण या देशात ०.१० टक्के म्हणजे सुमारे १० लाख ७० हजार माणसं होतात. अशी माणसं जास्त असलेल्या राज्यांत महाराष्ट्र ठळकपणे आहे. मालही काही दूर नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्हावा-शेवा बंदरात हिरव्या सफरचंदांच्या कंटेनरमधून ५० किलो कोकेन निघालं. मुंबईच्या विमानतळावर पोटात कॅप्सूल गिळून आलेले प्रवासी पकडले जातात, ही तर आता आतल्या पानावरची बातमी झाली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत एका छाप्यात ५०० किलोंहून अधिक कोकेन सापडलं.

इथे कुणी रास्त शंका घेईल. आपल्या मुलांच्या हातात कोकेनपेक्षा एमडी कितीतरी जास्त आहे; मग कोकेनवर एवढा कागद का खर्चायचा? खरं आहे. मेफेड्रोन, म्हणजे एमडी किंवा ‘म्याऊ म्याऊ’, स्वस्त आहे आणि इथेच बनतं. २०१५ साली ते अमली पदार्थ कायद्याच्या यादीत आलं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून शेकडो किलो एमडी पोलिसांनी बाहेर काढलं. पण दोन्ही उत्तेजक एकाच कुळातल्या चाली खेळतात. चढ, मग उतार, मग शरीराचं ते फसवं मौन. उत्तेजकांवर उपचार कसे करावेत याचा सर्वांत जुना आणि तपासलेला अनुभव कोकेनचाच आहे. इथे शिकलेलं एमडीच्या पेशंटला जसंच्या तसं नाही, तरी बरंचसं उपयोगी पडतं.

तिसऱ्या प्रकरणात शरीराचं काय होतं ते सांगितलं आहे. थोडक्यात असं : मेंदूतल्या पेशी आनंदाचा निरोप पोचवायला डोपामिन सोडतात आणि काम झालं की ते परत आत ओढून घेतात. कोकेन हा परतीचा दरवाजा बंद करतं. डोपामिन बाहेरच साचतं. गरम जेवण, लेकीचं बोबडं बोलणं, जिंकलेली मॅच यांनी जे तासाभरात मिळावं ते मिनिटाभरात आणि कितीतरी पटीनं मिळतं. तासाभरात दरवाजा उघडतो आणि घर रिकामं होतं. पुढच्या रेघेची घाई तिथून सुरू होते. काही महिन्यांनी जेवण बेचव लागतं, बोबडे बोल त्रासदायक वाटतात. कोकेन सोडल्यावर हाच बेचवपणा आठवडे, महिने टिकतो. चौथ्या दिवशी “मला काही होत नाहीये” म्हणणारा माणूस एका अर्थानं तंतोतंत खरं बोलत असतो. त्याला खरोखरच काही होत नसतं. कशानंच काही वाटत नसतं. हेच त्याचं दुखणं, आणि थर्मामीटरला ते कळत नाही.

मेंदू गप्प असला तरी हृदय मात्र कधी कधी एकदमच बोलतं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कोकेन घेतल्यानंतरच्या पहिल्या तासात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे २४ पट वाढलेला दिसला. सोबत दारू असेल तर यकृतात कोकाएथिलीन नावाचं तिसरंच रसायन तयार होतं. ते शरीरात जास्त वेळ राहतं आणि हृदयावरचा ताण वाढवतं. म्हणून फॅमिली डॉक्टरांना हात जोडून विनंती आहे : तिशीतला, धडधाकट माणूस रात्री छातीत दुखतंय म्हणून आला, तर ॲसिडिटीची गोळी देण्याआधी, नातेवाइकांना बाहेर थांबवून, एक प्रश्न नक्की विचारा. उत्तरावर पुढची औषधं ठरतात. बीटा-ब्लॉकरसारखी एरवीची नेहमीची औषधं अशा वेळी फार जपून वापरावी लागतात.

आता मूळ मुद्दा, उपचार. गर्दच्या पेशंटला ब्यूप्रेनॉर्फिन देता येतं. त्यानं तळमळ शमते, माणूस कामाला लागतो, सुया सुटतात. कोकेनसाठी असं मान्यताप्राप्त औषध आजही नाही. दारू सोडवायची गोळी, फिट्सची गोळी, अवेळी येणाऱ्या झोपेवरची गोळी, नैराश्याच्या गोळ्या, सगळं करून झालं. लससुद्धा करून पाहिली. पुरेशी प्रतिपिंडं सगळ्यांत तयार झाली नाहीत आणि तो प्रयोगही मागे पडला. “डॉक्टर, काहीतरी लिहून द्या” या विनवणीला आमच्याकडे प्रामाणिक उत्तर नसतं.

पण औषध नाही याचा अर्थ उपाय नाही असा होत नाही. १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. आठवड्यातून तीनदा लघवीची तपासणी. कोकेन नसलं तर व्हाउचर. पहिल्यांदा अडीच डॉलरचं, पुढच्या स्वच्छ नमुन्याला सव्वा डॉलर जास्त, असं चढत जाणारं. एकदा कोकेन सापडलं की गाडी पुन्हा अडीच डॉलरवर. रोख पैसे नाहीत. व्हाउचरमधून सायकलचे टायर, मासेमारीचा परवाना, जिमची फी अशा आयुष्य पुन्हा भरणाऱ्या वस्तू. त्यांच्या १९९४ च्या अभ्यासात व्हाउचर मिळणाऱ्यांपैकी ७५ टक्के माणसं चोवीस आठवडे उपचारांत टिकली. तोच समुपदेशनाचा भाग व्हाउचरशिवाय मिळालेल्यांत ४० टक्के.

खर्च कमी व्हावा म्हणून कनेक्टिकट विद्यापीठातल्या नॅन्सी पेट्री यांनी याचं आणखी साधं रूप काढलं. काचेचा एक वाडगा, मासे ठेवतात तसा. त्यात ५०० चिठ्ठ्या. निम्म्या चिठ्ठ्यांवर नुसतं ‘शाबास’. उरलेल्यांपैकी बहुतेक एक डॉलरच्या वस्तूच्या, काही वीस डॉलरच्या, आणि एकच शंभराची. नमुना स्वच्छ आला की वाडग्यात हात घालायचा. सलग स्वच्छ आले तर जास्त वेळा. नव्वदी ओलांडलेल्या सासूबाईंपासून शेंबड्या पोरापर्यंत भिशीची किंवा हळदीकुंकवातली चिठ्ठी उचलताना ज्याचा हात एकदा तरी थरथरला आहे, त्याला हे तंत्र समजावून सांगायला नको. अमेरिकेत सैन्यातून निवृत्त झालेल्यांच्या रुग्णालयांत २०११ पासून ही पद्धत वापरली जाते आणि कॅलिफोर्नियानं २०२३ पासून ती सरकारी आरोग्यविम्यात घेतली.

आपल्याकडे हे सांगितलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : “म्हणजे नशा न करायचे पैसे द्यायचे? ही लाचच झाली!” चौथ्या प्रकरणात या आक्षेपाला सविस्तर उत्तर आहे. इथे एवढंच म्हणतो, की बक्षीस आपल्याला नवं नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेत दारू सोडल्याचा वाढदिवस होतो, टाळ्या पडतात, बिल्ला मिळतो, बायकोच्या डोळ्यांत पाणी येतं. चुकतं ते अंतर. आपण बक्षीस वर्षानं देतो. कोकेननं होरपळलेल्या मेंदूला परवापलीकडचं दिसतच नाही. त्याला परवाच काहीतरी द्यावं लागतं, आणि मग तेरवा. वाडगा हा काही पूर्ण उपचार नव्हे. तो माणसाला खुर्चीत टिकवतो. त्या काळात समुपदेशकानं आपलं काम करायचं असतं : कोणता वार, कोणता मित्र, कितवा पेग यांनंतर हात पाकिटाकडे जातो ते शोधायचं, आणि त्या वेळेला दुसरं काहीतरी बसवायचं.

हे सगळं परक्या जमिनीवरचं रोप इथे लावण्यासारखं आहे, असं मला वाटत नाही. आपली माती तयार आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीनं मुक्तांगण सुरू केलं, ते गर्दच्या लाटेला उत्तर म्हणून. मुंबईत कृपा फाउंडेशन त्याआधीपासून काम करत होतं. व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानणं, घरच्यांना उपचारात बसवणं, बरं झालेल्यानं नव्याचा हात धरणं, डिस्चार्जनंतर फॉलो-अप ठेवणं, हे या पिढीनं मराठी समाजाला शिकवलं. कोकेनसाठी त्यातलं काहीही टाकून द्यायचं नाही. वजन मात्र खाटेवरून फॉलो-अपवर सरकवायचं आहे. नोकरी चालू असलेल्या माणसाला महिनाभर दाखल व्हायला सांगितलं तर तो येतच नाही. संध्याकाळी सात वाजता उघडी असणारी ओपीडी त्याला जास्त उपयोगाची. बायकांना तर ती आणखी गरजेची, कारण दाखल होणं म्हणजे चारचौघांत बदनामी होणं. जगभरात व्यसनाच्या आजारानं ग्रासलेल्या दर बारा जणांत एकालाच कुठला तरी उपचार मिळतो. उरलेल्या अकरांना आपल्या दाराची पायरी उंच वाटते, ही शक्यता आपण तरी धरून चालावी.

पाचवं प्रकरण कायद्याचं आहे आणि ते घरच्यांनी जरूर वाचावं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानुसार कोकेनचं सेवन हा गुन्हा आहे; एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दोन ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, शंभर ग्रॅमच्या वर व्यापारी प्रमाण. पण याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी वा सरकारमान्य संस्थेत उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. म्हणजे चौथ्या दिवशी निघून जाणारा माणूस हे कवचही खाटेवरच टाकून जातो. हे त्याला कुणी तरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अमली पदार्थांमुळे येणाऱ्या मानसिक स्थितीही धरल्या आहेत, त्यामुळे पेशंटचे हक्क इथेही लागू होतात. मध्यरात्री गाडी पाठवून माणूस ‘उचलून नेणारी’ केंद्रं मी पाहिली आहेत. तिथून बाहेर पडलेला पेशंट पुन्हा कुठल्याच दारात येत नाही. घरच्यांना काही सुचत नसेल तर १४४४६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. तिथून सुरुवात करावी.

शेवटचं प्रकरण सर्वांत लहान आहे. त्यात पुन्हा तोच ऑफिसचा दरवाजा, तोच इस्त्रीचा शर्ट, तोच प्रश्न : मी जाऊ का? आजवर आम्ही दोनच उत्तरं देत आलो, “जा” किंवा “जायचं नाही.” या पुस्तिकेत तिसरं सुचवलं आहे. “जा. पण परवा सकाळी आठला ये, ऑफिसला जायच्या आधी. दहा मिनिटं लागतील. बाटली इथे मिळेल.” आणि बोलता बोलता टेबलावरचा काचेचा वाडगा जरा त्याच्या बाजूला सरकवायचा. त्यातल्या निम्म्या चिठ्ठ्यांवर नुसतं ‘शाबास’ असतं. कित्येक महिन्यांत तो शब्द त्याला कुणी म्हटलेला नसतो.